प्रिय ग्राहक

यंत्रं विकली त्याला दोन महिने झाले होते, तरी आप्पा रोज सकाळी नऊला सदरा चढवून खालच्या रिकाम्या हॉलमध्ये जाऊन बसत. प्रेस गेली होती, प्रेसची शिस्त मात्र त्यांच्या अंगातून जायला तयार नव्हती. त्या शिस्तीतला पहिला नियम असा की महत्त्वाचा कागद एकट्यानं वाचायचा नाही. एकानं तो स्वल्पविरामांसकट मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं ओळीवरून बोट फिरवत ऐकायचं, आणि मग कागद टेबलाभोवती फिरवायचा. आप्पांच्या वडिलांनी एकदा एक कागद एकट्यानं वाचून सही ठोकली होती आणि अर्धी प्रेस चुलत्यांच्या घशात गेली होती. ही गोष्ट या घरात तीन पिढ्या मुलांना झोपवताना सांगितली गेली. त्यामुळे कुणाला झोप लागत नसे, पण कागदाचा धाक मात्र बसला.

आता मेल हा काही कागद नव्हे. पण आप्पांकडे मेलसुद्धा कागदच होऊन येई. धाकटी सून आलेल्या मेलची प्रत छापून त्यांच्या पुढ्यात ठेवत असे, कारण पडद्यावर वाचलेलं त्यांच्या लेखी वाचलेलं नव्हतंच. त्या रविवारी ती कामावर होती, म्हणून आप्पांनी स्वतःच बटण दाबून प्रत काढली. ती अतिशय सुरेख निघाली. मग त्यांनी तिन्ही मुलांना निरोप धाडला, "बँकेचं पत्र आलंय. पाचची मुदत आहे. आहात तसे या."

पावणेचारला टेबलाशी चौघं जमली. थोरला गावाच्या दुसऱ्या टोकाहून आला होता. बँकेच्या मुख्य कचेरीत तो कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचा, म्हणून घरात त्याला 'साहेब' म्हणत, आणि त्यात मान किती नि चिमटा किती हे म्हणणाऱ्यावर अवलंबून असे. ताई तिचं औषधांचं दुकान नोकरावर टाकून आली होती. धाकटा वरच्याच मजल्यावर राहायचा, त्यामुळे तो सगळ्यांत उशिरा आला.

"ताई, तू वाच," आप्पा म्हणाले.

ताईनं चष्मा लावला. "प्रिय ग्राहक, स्वल्पविराम. आपल्या खात्याची ओळख पडताळणी अपूर्ण असल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे, पूर्णविराम. आज सायंकाळी पाच वाजेपर्यंत ती पूर्ण न केल्यास आपले खाते गोठवण्यात येईल, पूर्णविराम. पडताळणीसाठी येथे दाबा. हे 'येथे दाबा' निळ्या शाईत आहे, खाली रेघ."

"खोटं आहे," थोरला म्हणाला.

तो इतक्या झटकन म्हणाला की ताईचं बोट ओळीवरच राहिलं.

"कागद अजून फिरला नाही," आप्पांनी आठवण करून दिली.

"फिरवायची गरजच नाही. हे फसवणुकीचं पत्र आहे, आप्पा. फाडून टाका."

आप्पांनी कागद फाडला नाही. त्यांनी भिंग काढलं आणि वरच्या कोपऱ्यातल्या बँकेच्या चिन्हावर धरलं. एकतीस वर्षं त्या बँकेची पासबुकं, पावत्या, पाकिटं या माणसानं छापली होती. ते चिन्ह त्यांना स्वतःच्या नाकाइतकं ठाऊक होतं. "सोळा पाकळ्या," ते म्हणाले. "बाहेरचं वर्तुळ आतल्याच्या दुप्पट जाड. निळा रंग बरोबर. तुझ्या बँकेतल्या लोकांनाही या चिन्हाला पाकळ्या किती ते माहीत नसेल. ज्यानं हे केलंय त्याला माहीत आहे."

"अहो, चिन्ह उचलायला काय लागतं? आजकाल कुणीही उचलतं."

"असं? मग ते कुणी लिहिलं होतं, 'बनावट पत्रातील बोधचिन्ह पुसट व वेडेवाकडे असते'?"

ते थोरल्यानंच लिहिलं होतं. सहा वर्षांपूर्वी ग्राहकांना सावध करायला बँकेनं एक पत्रक काढलं, त्याचा मजकूर त्याचा आणि पाच हजार प्रती आप्पांच्या. धाकटा खुदकन हसला. साहेबांना त्यांच्याच पत्रकानं धरल्याचा आनंद त्याला लपवता आला नाही, आणि त्यानं तसा प्रयत्नही केला नाही.

"ते जुनं झालं," थोरला म्हणाला. "आता चोर आपल्यापेक्षा छान छापतात. हे बघा, यात तुमचं नावच नाही. नुसतं 'प्रिय ग्राहक'. खऱ्या पत्रात नाव असतं."

"तुझ्या बँकेनं एकतीस वर्षांत मला नावानं एकही पत्र पाठवलेलं नाही. ते 'प्रिय ग्राहक' मीच छापत होतो."

"रविवारी बँक पत्र पाठवत नाही."

"तू रविवारी कचेरीचे फोन घेतोसच की," ताई म्हणाली.

"आणि ही घाई! पाचपर्यंत करा, नाहीतर खातं बंद. माणसाला विचार करायला वेळ मिळू नये म्हणून हे असं लिहितात."

"बँकेची सगळीच पत्रं घाईची असतात," आप्पा शांतपणे म्हणाले. "छपाईची ऑर्डरसुद्धा नेहमी काल हवी असायची."

थोरल्याचं प्रत्येक म्हणणं खरं होतं आणि त्याची बँक इतकी वर्षं ते खोटं पाडत आली होती. चोरांनी वेगळं काहीच केलं नव्हतं, बँकेसारखं वागले होते इतकंच.

ताई आली ती थोरल्याच्या बाजूनं. तिला स्वतःलाही असली पत्रं यायची. कुठल्या तरी लॉटरीची, कुठल्या तरी पार्सलची. ती वाचायच्या आत उडवून टाकायची. पण आता ती भावाकडे निरखून पाहत होती. याच्या कपाळावर घाम का? पंखा तर चालू आहे. तिला दोन महिन्यांपूर्वीचं जेवण आठवलं. शेवटचं यंत्र ट्रकवर चढलं त्या दिवशी, आप्पांचा घास अजून हातात असताना, यानं विषय काढला होता की प्रेसचे पैसे ज्या खात्यात आलेत त्याला माझं नाव जोडू या. 'तुमचं वय झालं, कुणी फसवलं तर?' आप्पा तेव्हा जेवण टाकून उठले होते. त्या खात्यात आता घरातलं सगळंच होतं. आप्पांचं म्हातारपण होतं आणि तिघांचे वाटे होते. त्यावर हुकूम चालवणं एवढं एकच काम आप्पांच्या हाती उरलं होतं.

"साहेब," ताई म्हणाली, आणि या वेळी त्यात चिमटा होता, "हे खोटं ठरलं तर पुढं काय? आप्पांना कळत नाही, म्हणून खातं तुझ्याकडे?"

"ताई, काय बोलतेस तू!"

"विचारतेय."

"मी पण तेच विचारणार होतो," धाकटा म्हणाला. गेली चार वर्षं ताई आणि धाकटा यांच्यात विस्तव जात नव्हता, दोघांनी मिळून काढलेलं बाइंडिंगचं दुकान कुणी बुडवलं यावरून. आज पहिल्यांदाच ती दोघं एका बाजूला बसली. आप्पांना ते दिसलं, आणि प्रसंग काहीही असो, त्यांना बरं वाटलं.

"हे बघ," आप्पा थोरल्याला म्हणाले, "वाद कशाला? तुझीच बँक आहे. फोन लाव आणि विचार."

मुद्दा साधा होता. टेबलावरच आप्पांचं कार्ड होतं, कार्डामागे मदतीचा नंबर होता. थोरल्यानं कार्ड उचललं, उलटं केलं, आणि पुन्हा खाली ठेवलं.

"रविवारी तिथं फार वेळ थांबावं लागतं," तो म्हणाला.

"थांबू की. पाऊण तास आहे."

"नको. कशाला त्यांना त्रास? मी सांगतोय ना, खोटं आहे."

धाकट्यानं ताईकडे पाहिलं, ताईनं धाकट्याकडे.

तेवढ्यात धाकटी सून आली. एका पार्सल कंपनीच्या तक्रार खिडकीवर ती बसायची. दिवसभर लोकांचा आरडाओरडा ऐकून घेणं हेच काम असल्यानं ती घरी फार कमी बोलत असे, आणि घरानं याचा अर्थ तिला फारसं कळत नाही असा लावून घेतला होता. तिनं चपला काढल्या, कागद वाचला, मागे उलटून पाहिला.

"हे तुम्ही छापलंत होय, आप्पा? पडद्यावर बघितलं नाहीत?"

"पडद्यावर काय वेगळं असतं?"

"बरंच काही असतं."

तिनं कोपऱ्यातला संगणक लावला आणि सगळ्यांना मागे उभं केलं. पाठवणाऱ्याच्या जागी ठसठशीत अक्षरांत बँकेचं नाव होतं. त्यावर तिनं माऊस दाबला तसा आतला पूर्ण पत्ता उघडला. त्याचा बँकेशी काही संबंध नव्हता, फुलझाडं विकणाऱ्या कुठल्या तरी दुकानाचा असावा असा तो होता. मग तिनं माऊसचा बाण त्या निळ्या 'येथे दाबा'वर नेला. "दाबायचं नाही," ती म्हणाली. "नुसता वर धरायचा. आता खाली बघा, हे बटण कुठं नेणार ते लिहून येतं." खाली आकड्यांचं आणि अक्षरांचं एक लांबलचक जंजाळ उमटलं. बँकेचं नाव त्यात एकदा होतं, तेही अगदी मधे कुठं तरी, गर्दीत घुसल्यासारखं. "कागदावर यातलं काहीच छापून येत नाही. कागद स्वच्छच दिसणार."

ताई एक पाऊल मागे सरली. म्हणजे तो खरं बोलत होता. मग फोनला का नाही म्हणाला?

आप्पा मात्र मागे सरले नाहीत. "मला सांग, पासबुकं बँक स्वतः छापायची का? नाही. बाहेर, माझ्याकडे छापून घ्यायची. पाकिटांवर पत्ते घालायचं काम तिसराच करायचा. तशी ही पत्रंही बाहेरून कुणाकडून पाठवून घेत असेल. पत्ता परका आहे म्हणून पत्र परकं होत नाही."

एकतीस वर्षांचा अनुभव असा पणाला लागला की त्याच्यापुढे बोलणं कठीण जातं. आप्पांनी घड्याळ पाहिलं. साडेचार. ते संगणकापुढच्या खुर्चीत बसले, शेजारी कार्ड ठेवलं, आणि पासवर्ड लिहिलेली डायरी उघडली.

"आप्पा, आपण फोन करू या ना आधी," सून म्हणाली.

"साहेबांना त्रास नको आहे," आप्पा म्हणाले. खरं तर पत्राबद्दल त्यांच्याही मनात आता पाल चुकचुकली होती. पण आज या खुर्चीतून उठलो तर परत बसायला मिळणार नाही, हेही त्यांना कळत होतं. मुलं म्हणतील, आप्पांना जमत नाही आता. आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस पैसे गेलेले सोसेल, पण हे वाक्य त्याला सोसत नाही. त्यांनी बाण निळ्या अक्षरांवर नेला.

सून आप्पांकडे पाहत नव्हती, ती थोरल्या दिरांकडे पाहत होती. अकरा वर्षं तक्रार खिडकीवर बसून तिला एक गोष्ट कळली होती. ज्याचं काही हरवलेलं नसतं तो आरडाओरडा करतो. ज्याचं खरंच हरवलंय आणि ज्याला ते सांगायची लाज वाटते, तो हळू आवाजात म्हणतो, माझ्या एका मित्राचं असं झालंय. आणि तो फोनला हात लावत नाही.

"दादा," ती म्हणाली, "तुम्हाला हे पत्र आधी आलं होतं का?"

थोरल्यानं तिच्याकडे पाहिलं. या बाईशी गेल्या अकरा वर्षांत आपण चहा छान झालाय याखेरीज काही बोललो नाही, हे त्याच्या लक्षात आलं. आप्पांचं बोट बटणावर होतं. त्याला वाटलं, दाबू दे. त्यांनीही दाबलं तर मी एकटा उरणार नाही. हा विचार जेमतेम एका श्वासापुरता आला, पण आला, आणि पुढे कितीतरी दिवस त्याला त्या श्वासाची लाज वाटत राहिली.

"आप्पा, हात काढा," तो म्हणाला. "मी दाबलंय ते."

आप्पांनी हात काढला.

"हेच पत्र. शब्दन् शब्द हाच. एकोणीस दिवस झाले. सकाळी टेबलाशी बसलो होतो, पुढच्या वर्गाला सात मिनिटं होती. वर्ग याच विषयावर, फसव्या मेलवर. मुदत तेवढी दोनची होती त्यात. म्हटलं, हे एवढं उरकून जाऊ. उघडलं, सगळी माहिती भरली. फोनवर सहा आकडे आले, तेही भरले. आणि वरच्या मजल्यावर जाऊन दीड तास लोकांना शिकवलं, की आलेले आकडे कुणालाही द्यायचे नाहीत. खाली आलो तर खातं धुऊन नेलं होतं."

धाकट्याला हसू यायला हवं होतं. साहेबांची इतकी मोठी फजिती त्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती, आणि किती वर्षं तो अशाच एका संधीची वाट पाहत होता. पण हसू काही आलं नाही. त्याचा त्याला रागच आला.

"किती गेले?" त्यानं विचारलं.

"सगळे."

"वहिनीला माहीत आहे?"

"तिला वाटतंय मुदत ठेवीत टाकलेत."

"म्हणून तुला आप्पांच्या खात्यात नाव हवं होतं?" ताईचा आवाज चढला.

"नाही गं. ते आधीचं. त्या दिवशी मी खरंच शहाणा होतो." तो हसल्यासारखं करत होता. "म्हणून तर आज नुसतं खोटं आहे, खोटं आहे म्हणत बसलो. मला कसं माहीत, हे सांगता येईना."

आप्पांनी खुर्ची फिरवली. "बँकेला कळवलंस?"

"नाही."

"एकोणीस दिवस?"

"आप्पा, त्या मदतीच्या फोनवर बसणारी सगळी मुलं माझ्या हाताखाली शिकून गेलीत. माझा आवाज ओळखतात. त्यांना काय सांगू?"

"लगेच सांगितलं असतं तर पैसे वाटेत अडवता आले असते ना?" सुनेनं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

"पहिल्या तासात सांगितलं तर पुष्कळदा अडवता येतात," थोरला म्हणाला. "मीच शिकवतो ते."

आप्पा उठले. ते आता खवळणार, असं तिघांनाही वाटलं. मुलांच्या लहानपणी पानावर एक ओळ उलटी छापली गेली तर आप्पा आख्खा गठ्ठा सगळ्यांसमोर पेटवून देत. थोरल्यानं मान खाली घालून ठेवली. त्याला शिव्या हव्या होत्या. शिव्या खाल्ल्या की प्रकरण मिटतं, अशी या घराची सवय होती.

आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खुर्चीत बसवलं. "मी दाबणारच होतो," ते म्हणाले. "सगळं कळून दाबणार होतो. तू निदान घाईत होतास." मग ते सुनेकडे वळले. "नंबर लाव गं. त्या पत्रातला नको, कार्डामागचा. आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा कर."

"आप्पा, सगळ्यांसमोर नको."

"या घरात महत्त्वाचं काम एकट्यानं करत नाहीत," आप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा हलला.

तिनं फोन लावून टेबलावर ठेवला. रविवार असूनही फार थांबावं लागलं नाही. दुसऱ्याच घंटेला एका तरुण मुलीचा आवाज आला, स्वच्छ, घोटलेला. काय मदत करू, तिनं विचारलं. थोरल्यानं घसा साफ केला. फसवणूक कळवायची आहे, तो म्हणाला. नाव सांगितलं.

"सर?" मुलगी म्हणाली. "तुम्ही? ही चाचणी आहे का? परीक्षा घेताय?"

सुटायला दार सापडलं होतं. हो म्हटलं असतं तर त्या मुलीला शाबासकी देऊन फोन ठेवता आला असता, आणि सोमवारपासून सगळं होतं तसं. ताईनं नकळत टेबलाची कड घट्ट धरली.

"नाही," थोरला म्हणाला. "परीक्षा नाही. माझंच झालंय."

मग ती मुलगी अगदी हळू, एकेक शब्द सुटा करत बोलली. "यात तुमची चूक नाही. असं कुणाचंही होऊ शकतं. तुम्ही कळवलंत, हे फार चांगलं केलंत."

ही तिन्ही वाक्यं त्याचीच होती. चार वर्षांपूर्वी एका दुपारी, मदतीचे फोन घेणाऱ्यांसाठी वरिष्ठांनी मागितली म्हणून त्यानं दहा मिनिटांत लिहून दिली होती, आणि तेव्हा त्यातल्या एकावरही त्याचा विश्वास नव्हता. आता त्याला ती ऐकवेनात, आणि तिनं थांबू नये असंही वाटत होतं. त्याचे डोळे भरून आले, भावाबहिणीसमोर, आणि त्यानं ते पुसलेही नाहीत.

"आपण आता माहिती लिहून घेऊ," मुलगी म्हणाली. "थोडा वेळ लागेल. त्याआधी एक विचारायचं असतं. तुमच्याजवळ आत्ता घरचं कुणी आहे का?"

त्यानं मान वर केली. धाकटा पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. ताई शेजारची खुर्ची ओढून बसत होती.

"आहेत," तो म्हणाला. "सगळेच आहेत."